शाळाखात्याचा प्रमुख कोणी निवडावा?
सोलापूरच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

जिल्हा परिषदेत नवे शिक्षणाधिकारी येतात तेव्हा शाळांना ते एका आदेशाच्या प्रतीवरून कळते. जुने साहेब बदलून गेले, नवे रुजू झाले, एवढीच ती बातमी. या अधिकाऱ्याच्या कारभारावर जिल्ह्यातील हजारो शिक्षकांचे आणि लाखो मुलांचे दिवस अवलंबून असतात. पण त्याला निवडताना कोणत्याही पालकाला, शिक्षकाला वा गावातील जाणत्या माणसाला कोणी काही विचारत नाही. अमेरिकेतील अनेक गावांत मात्र रीत वेगळी आहे. तेथे शाळांच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली की लोकांनी निवडलेले शाळामंडळ जाहीर सभा घेते. पालक येतात, शिक्षक येतात, चर्चचे धर्मोपदेशकही येतात आणि नवा प्रमुख कसा असावा हे सांगतात. निवड शेवटी मंडळ करते, पण सर्वांचे ऐकून घेतल्यावर.

हे वाचून आपल्याला वाटेल की, तिकडे लोकशाही जुनी, म्हणून असे होत असेल. आपल्याकडे ही कल्पनाच नवी. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. शाळांचा कारभारी लोकांनी निवडावा की सरकारने, हा वाद महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. लोकांच्या हाती शाळा देऊ नयेत, असे या वादात ज्यांनी ठामपणे सांगितले त्यांत महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर ही दोन नावे आहेत. हे कोडे उलगडण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

मंडळ गेले, खाते आले

१८४० साली मुंबई इलाख्यात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले. त्यात एक अध्यक्ष आणि सहा सभासद होते. सहांपैकी तीन सरकारने नेमायचे आणि तीन ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ने निवडायचे, अशी रचना होती. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे या मार्गाने मंडळावर आले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान अशी ही निवड होती. हे सभासद केवळ शोभेचे नव्हते. शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, या प्रश्नावर अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्याशी त्यांचा उघड मतभेद झाला. या तिघांनी आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर हे मंडळ बरखास्त झाले. १८५५ मध्ये त्याच्या जागी विद्याखाते आणि त्याचा एक डायरेक्टर आला. मंडळात मतभेदाला जागा होती. खात्यात वरून हुकूम येतो आणि खाली तो पाळला जातो. खेड्यातील लोकांना या खात्याचे दर्शन घडे ते शाळा तपासणीला येणाऱ्या ‘डेपुटी’च्या रूपाने. बोलीभाषेत तो ‘दिपोटी’ झाला आणि पुढे मराठी कथांतही जाऊन बसला.

दरम्यान खर्चाची एक नवी सोय झाली. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाला मिळू लागला. म्हणजे शाळेचा पैसा आता सरळ शेतकऱ्याच्या सारापट्टीतून येत होता. पैसा आमचा, मग शाळेच्या कारभारात आमचे काय, हा प्रश्न तेथूनच उभा राहिला.

फुल्यांची हरकत

१८८२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग देशभर साक्षी घेत होता. प्राथमिक शाळा नगरपालिका व लोकल बोर्डांच्या हवाली कराव्यात, असा एकूण वारा होता. धर्मोपदेशकांचाही या चर्चेत मोठा भाग होता. मिशनऱ्यांच्या शाळा गावोगाव होत्या आणि मद्रासचे रेव्हरंड विल्यम मिलर तर स्वतः आयोगाचे सभासद होते. सरकारने शाळा चालविण्यातून अंग काढून घेतले तर त्या मिशनऱ्यांच्या हाती जातील की काय, ही शंका बोलून दाखविली जात होती.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आयोगाला आपले निवेदन दिले. रयतेच्या श्रमातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार आपल्या परिचयाची आहे. त्याच निवेदनात शाळांच्या कारभाराविषयी एक सूचना आहे. तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण शाळांची व्यवस्था सर्वस्वी त्यांच्याकडे सोपवू नये. देखरेख विद्याखात्याचीच असावी, असे त्यांनी म्हटले होते.

याचे कारण उघड आहे. त्या काळी नगरपालिकेत मताचा अधिकार मूठभर करदात्यांना होता. बायकांना मत नव्हते, मजुराला नव्हते, अस्पृश्याला तर नव्हतेच. अशा संस्थेच्या हाती शाळा देणे म्हणजे लोकांच्या हाती देणे नव्हे, हे फुल्यांनी ओळखले होते. लोकांचा सल्ला घ्या असे म्हणताना ‘लोक’ म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे.

१८८४ मध्ये लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले. शहरांतील प्राथमिक शाळांची जबाबदारी नगरपालिकांकडे गेली. तपासणी मात्र खात्याकडे राहिली.

सोलापुरात ‘लोक’ कोण?

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे इलाख्यातील जुन्यांपैकी एक. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाली आणि शहराचे रूप बदलले. गिरणीकामाला आणि हातमागाला दूरदूरची माणसे आली. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारे लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणाऱ्या अनेक जाती, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, जैन पेढीवाले आणि अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्ती असे हे गाव झाले. शहराच्या पालिकेला पुढे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागल्या.

अशा गावात शिक्षणाचा विचार केवळ नगरपालिका करीत नव्हती. प्रत्येक समाजाने आपापली सोय पाहिली. मिशनचे ‘वोरोनोको’ हे विद्यालय बालशिक्षणासाठी नावाजले. होटगीच्या बृहन्मठाने शाळा काढल्या. पद्मशाली समाजाची कुचन प्रशाला, मुस्लिम समाजाची पानगल शाळा, जैन स्त्रियांसाठी सुमतीबाई शहा यांनी वाढविलेली श्राविका संस्था ही नावे सोलापूरकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. या संस्थांत मठाचे स्वामी, मिशनचे पाद्री आणि समाजाचे पंच यांच्या शब्दाला वजन होते. मुख्याध्यापक कोण असावा हे तेच ठरवीत. तेव्हा, शाळेचा प्रमुख निवडताना धर्मगुरूंचा आणि समाजाचा सल्ला घेण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती असे म्हणता येत नाही. ती होती, पण ज्याच्या त्याच्या कुंपणाच्या आत. सर्वांच्या म्हणून ज्या शाळा होत्या, त्यांच्यासाठी सर्वांनी एकत्र बसून विचार करण्याची जागा नव्हती.

१९२३ चा प्रयोग

ती जागा निर्माण करण्याचा प्रयत्न १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने केला. माँटफर्ड सुधारणांनंतर शिक्षण हा विषय लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आला होता आणि मंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे आणि मोठ्या नगरपालिका यांच्या शाळामंडळांकडे सोपविला. शिक्षक स्थानिक संस्थांचे नोकर झाले. शाळाखात्याचा प्रमुख नेमण्यातही स्थानिक संस्थेचा हात मुख्य झाला.

त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. म्हणजे एकीकडे शाळा सर्वांना खुली करण्याचा ठराव झाला आणि दुसरीकडे ती शाळा स्थानिक बहुमताच्या हाती गेली. ठराव मुंबईत झाला तरी तो अमलात आणायचा होता गावच्या मंडळाला.

सोलापुरात या दोन्ही गोष्टींची एक चांगली बाजू दिसली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. स्थानिक संस्था मनात आणील तर काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

तरीही १९२८ मध्ये याच सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या कायद्याला विरोध केला. प्राथमिक शिक्षण शाळामंडळांकडे सोपविणे थांबविले नाही तर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गावात अस्पृश्य मुलाला वर्गाबाहेर बसविले जाते, त्या गावाच्या बहुमताने निवडलेले मंडळ त्याची काळजी वाहील, हे गृहीत धरता येत नव्हते. एका नगरपालिकेने चांगुलपणा दाखविला, पण कायदा चांगुलपणाच्या भरवशावर ठेवता येत नाही. फुल्यांनी ४६ वर्षांपूर्वी घेतलेली हरकतच येथे अधिक धारदार झालेली दिसते.

थोडे गणित

बहुमताने निवडलेल्या मंडळात अल्पमताचे काय होते, हे एका सोप्या हिशोबाने पाहता येईल. वर्गात फळ्यावर तो मांडून पाहावा.

समजा, एका गावात १०,००० मतदार आहेत आणि शाळामंडळाच्या १५ जागा आहेत. ६,००० मतदार एका गटाचे, ४,००० दुसऱ्या गटाचे. प्रत्येकाला १५ मते आहेत, पण एका उमेदवाराला एकच मत देता येते. पहिल्या गटाच्या १५ उमेदवारांना प्रत्येकी ६,००० मते पडतील, दुसऱ्याच्या उमेदवारांना ४,०००. सर्व १५ जागा पहिल्या गटाला! गावातील १० पैकी ४ माणसांचा मंडळावर एकही प्रतिनिधी नाही.

आता नियम थोडा बदलू. आपली १५ मते हवी तशी वाटण्याची, हवे तर सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा देऊ. दुसऱ्या गटाकडे एकूण ४,००० × १५ = ६०,००० मते आहेत. त्यांनी सहाच उमेदवार उभे केले तर प्रत्येकी १०,००० मते पडतात. पहिल्या गटाकडे ९०,००० मते आहेत. त्यांना दहा जागा हव्या असतील तर प्रत्येक उमेदवाराला ९,००० च मते देता येतील आणि ती १०,००० पेक्षा कमी पडतील. म्हणून त्यांच्या वाट्याला नऊ जागा येतात. नऊ आणि सहा, म्हणजे लोकसंख्येच्या बरोबर प्रमाणात.

ही केवळ कल्पना नाही. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने जी शाळामंडळे स्थापन झाली, त्यांच्या निवडणुका याच पद्धतीने होत. त्यामुळे लहान धर्मपंथांनाही मंडळावर जागा मिळाल्या. स्त्रियांना या मंडळांवर निवडून येता येत होते आणि पहिल्याच निवडणुकीत डॉ. एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस लंडनच्या मंडळावर निवडून आल्या. पण या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. मते एका ठिकाणी गोळा करण्यासाठी गटाला संघटित राहावे लागते आणि ते सर्वांत सोपे जाते ते धर्माच्या नावाने. त्यामुळे या मंडळांत पंथांची भांडणे पुष्कळ झाली. १९०२ च्या कायद्याने ही मंडळे मोडण्यात आली.

मधला मार्ग

आपल्याकडे दुसरा उपाय निघाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये १९२३ चा कायदा दुरुस्त केला. शाळामंडळ लोकांचे राहिले, पण त्याचा प्रशासन अधिकारी सरकारचा नोकर झाला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने हीच रचना पक्की केली. मंडळावर स्त्रिया आणि मागासवर्ग यांच्या प्रतिनिधित्वाची सोय झाली. शिक्षकांच्या नेमणुका निवड समितीकडे आल्या. मंडळाचा अध्यक्ष, प्रशासन अधिकारी आणि सरकारी शिक्षण निरीक्षक असे तिघे तिच्यात बसत. म्हणजे लोकांचा एक, कारभाराचा एक आणि खात्याचा एक. कोणा एकाच्या मर्जीने नेमणूक होऊ नये, हा त्यामागील विचार होता.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याची शाळामंडळे संपली. शिक्षण समितीचा सभापती लोकप्रतिनिधी, तर शिक्षणाधिकारी राज्य सेवेतील अधिकारी अशी विभागणी झाली. शहरांतील शिक्षण मंडळे पुढे अनेक वर्षे चालू होती. २०१३ नंतर त्यांचेही स्वतंत्र अस्तित्व संपत गेले.

फुल्यांची आणि आंबेडकरांची भीती या रचनेने बरीच दूर केली. गावातील प्रबळ गटाला आता आपल्या मर्जीचा अधिकारी आणता येत नाही. स्पर्धा परीक्षेतून आलेला, दुसऱ्या जिल्ह्यातला, गावातील हितसंबंधांत न अडकलेला अधिकारी दुबळ्यांना अधिक न्याय देऊ शकतो. पण या बदलात एक गोष्ट हरवली. अधिकारी जसा गावातील बलवंतांना बांधलेला राहिला नाही, तसा गावातील पालकांनाही राहिला नाही.

धर्मसंस्थांचे काय?

धर्मगुरूंचा शब्द मात्र कायद्याने एका ठिकाणी राखून ठेवला आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते, हे आपणा शिक्षकांना ठाऊकच आहे. परंतु अल्पसंख्य समाजाच्या शाळेतील प्रमुखाच्या निवडीला आणि व्यवस्थापनाने नावे कळविलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींना हा कायदा लागू नाही. याचे मूळ राज्यघटनेच्या ३० व्या कलमात आहे. शाळेचा प्रमुख निवडण्याचा हक्क हा शाळा चालविण्याच्या हक्काचा गाभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये केरळमधील एका शाळेच्या प्रकरणात म्हटले. मिशनच्या वा उर्दू शाळेत ज्येष्ठता डावलून मुख्याध्यापक नेमला जातो तेव्हा त्यामागे हा विचार असतो.

सल्ला पुढे गेला तर

अमेरिकेत सर्व काही सुरळीत चालते असा समज करून घेण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमधील ओशन हिल–ब्राउन्सव्हिल या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीला १९६७ मध्ये आपल्या शाळांसाठी स्वतःचे मंडळ मिळाले. पालकांनी प्रतिनिधी निवडले. अध्यक्ष झाले रेव्हरंड सी. हर्बर्ट ऑलिव्हर, एक धर्मोपदेशक. मंडळाने ऱ्होडी मॅकॉय या अनुभवी शिक्षकाला शाळांचा प्रमुख म्हणून निवडले. मे १९६८ मध्ये मंडळाने १९ शिक्षक व पर्यवेक्षकांना तेथून हलविण्याचे ठरविले. शिक्षक संघटनेने हे बेकायदा ठरवून त्या शरद ऋतूत शहरभर संप पुकारला. शाळांचे ३६ दिवस बुडाले. वस्तीचे म्हणणे होते की, आमची मुले कशी शिकतात हे आम्हालाच कळते. शिक्षकांचे म्हणणे होते की, वस्तीच्या मर्जीने नोकरी जात असेल तर कोणताही शिक्षक निर्भयपणे शिकवू शकणार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. पुढे १९६९ मध्ये शहरभर निवडलेली मंडळे आली, पण त्यांच्या निवडणुकांना मतदार फारच थोडे येत. २००२ मध्ये कारभार महापौराकडे गेला.

आज आपल्यासमोर

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. १८८२ मध्ये ज्यांना मत नव्हते, नेमके तेच आज या समितीत कायद्याने बसलेले आहेत. अल्पसंख्य शाळांत ही समिती फक्त सल्ला देते. इतरत्र ती शाळेचा विकास आराखडा करते आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते. पण तिचा आवाज शाळेच्या फाटकापाशी थांबतो. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत तो पोचण्याची कोणतीही नेमकी वाट नाही. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सोलापूरसह अनेक जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. त्या काळात तर लोकांनी निवडलेली शिक्षण समितीही नव्हती.

शिक्षणाधिकाऱ्याची निवड मतदानाने करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. दीडशे वर्षांच्या अनुभवाने तो मार्ग धोक्याचा ठरविला आहे. निवड करणे आणि सल्ला देणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमणूक राज्य सेवेतूनच व्हावी, पण नवा अधिकारी रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याने तालुक्यातालुक्यात व्यवस्थापन समित्यांच्या पालकांसमोर बसून त्यांचे ऐकावे, ऐकले ते लिहून ठेवावे आणि वर्षाने त्याचा हिशोब द्यावा, एवढे तर करता येईल. मठाचे स्वामी, मौलवी, पाद्री यांनीही त्या सभेत जरूर यावे. पण आपल्या समाजाच्या वतीने बोलणारे एकमेव म्हणून नव्हे, तर इतर नागरिकांच्या बरोबरीने. विणकराच्या बायकोला आणि ऊसतोड मजुराला त्या सभेत आधी बोलू द्यावे, कारण १८४० पासूनच्या कोणत्याही मंडळात त्यांची पाळी आधी आलेली नाही.

शिक्षकांना यातून विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रमही घेता येईल. आपल्या गावच्या शाळेची जुनी शेरेबुके, लॉगबुके आणि पंचायतीची इतिवृत्ते काढावीत. शाळेविषयीचे निर्णय कोणत्या वर्षी कोणी घेतले आणि सभेला कोण हजर होते, याची यादी करावी. हजर नावांत स्त्रिया किती, कोणत्या वस्तीतले किती, हे मोजावे. मुलांना इतिहास कळेल आणि आपल्या शाळेपुरते ‘लोक’ म्हणजे कोण, याचे उत्तर त्यांना स्वतःच काढता येईल.